मेस्ताची सोल्फा आणि गावचा बँड

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या पाठशाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना प्रार्थनेबरोबर सोल्फा शिकवी; स्वरलेखन वाचून गाण्याची ही विद्या. व्हायोलिनही तेथेच हाती येई. हेतू मिस्सा सुरेल व्हावी एवढाच; परंतु त्यातूनच गावचा बँड निपजला. फेस्ताच्या पहाटे 'आल्वोराद' वाजवीत वाड्यावाड्यांतून फिरायचे, मिरवणुकीत चालायचे आणि रात्री बसून तियात्राला साथ करायची, हे बहुधा एकाच चमूचे काम. चालताना फुंक आणि पाऊल यांचा मेळ राखावा लागे. बसल्यावर गायकाचा श्वास ओळखावा लागे. कागद वाचता येत असल्याने नवी चीज अल्प तालमीत उभी राही.

हीच विद्या त्यांना परमुलखी घेऊन गेली. ब्रिटिश हिंदुस्थानातील पलटणी, पोलीसदले आणि संस्थाने यांच्या बँडांत गोमंतकीय वादक शिरले. १८९२ मधील पहिला तियात्रही मुंबईतच झाला. पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही हेच वादक बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांपैकी एक. १९५८ मध्ये त्यांनी राग आणि पाश्चात्त्य स्वरमेळ यांची सांगड घालणारा सिंफनी वृंद उभारला. असे अपवाद थोडे. तबकडीवर नाव येई ते संगीत-दिग्दर्शकाचे आणि गायकाचे. वाजवणारे अनामच राहिले. गावात मात्र आल्वोरादीच्या अंधारातही क्लॅरिनेट कोणाचे, हे घरात झोपलेल्यांना कळे.