निरोगी श्रवणाचे प्रमाण : वय आणि स्त्री-पुरुषभेद

श्रवणमापनाचा इतिहास वरवर पाहता उपकरणांचा इतिहास वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी एक अवघड प्रश्न आहे : निरोगी कान कोणता म्हणावयाचा? वयाने आणि स्त्री-पुरुषभेदाने श्रवणात जे अंतर पडते, त्यात निसर्गाचा वाटा किती व जीवनक्रमाचा किती, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिले आहे.

१८७६ च्या सुमारास फ्रान्सिस गॉल्टन यांनी अत्युच्च स्वर काढणारी एक लहानशी शिटी तयार केली. वय वाढते तसतशी उच्च स्वर ऐकण्याची शक्ती ओसरते, असे त्यांनी १८८३ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले. उतारवयाच्या मंडळींना हा उणेपणा दाखविल्यास राग येतो, हेही त्यांनी टिपले. १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्यप्रदर्शनात त्यांच्या मापनशाळेने ९,३३७ व्यक्तींची मोजमापे घेतली. त्यांत श्रवणाच्या वरच्या मर्यादेचाही समावेश होता. १८९१ मध्ये डच वैद्य झ्वार्देमाकर यांनी उच्च स्वरांच्या या लोपास नियमाचे रूप दिले. मात्र कान जे स्वर ऐकतो ते किती क्षीण असता ऐकतो, याचे पद्धतशीर मापन १९२० नंतर, निर्वात नळीवर चालणारे श्रवणमापक प्रचारात आल्यावरच, सुकर झाले.

स्त्री-पुरुषांतील अंतर मोठ्या प्रमाणावर दिसून आले ते १९३९ साली. न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनांत बेल कंपनीने लक्षावधी प्रेक्षकांचे कान तपासले. उच्च स्वरांच्या बाबतीत वयपरत्वे होणारी हानी पुरुषांत अधिक आढळली. परंतु हे प्रेक्षक कानाची वैद्यकीय तपासणी करून निवडलेले नव्हते. कारखान्यात व रणांगणावर पुरुषांचे कान अधिक गोंगाट सोसत आले, म्हणून हा भेद निसर्गाचा नसून व्यवसायाचा असावा, अशी शंका घेण्यास जागा उरली.

१९६२ मध्ये सॅम्युएल रोझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन सुदानमधील मबान जमातीचे श्रवण मोजले. यंत्रांच्या गोंगाटापासून दूर असलेल्या या लोकांचे श्रवण उतारवयातही पुष्कळ चांगले आढळले. त्यामुळे वरील शंकेला बळ मिळाले. तथापि वृद्धांची वये अंदाजाने ठरवावी लागल्याने त्या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले. उलटपक्षी, बाल्टिमोर येथे त्याच व्यक्तींची वर्षानुवर्षे तपासणी करून १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोंगाटाने कान बिघडल्याची चिन्हे असलेल्यांना वगळूनही, पुरुषांच्या श्रवणाचा ऱ्हास बहुतेक वयांत स्त्रियांच्या दुपटीहून अधिक वेगाने होत असल्याचे दिसले. व्यवसाय हे कारण खरे असले, तरी ते एकटे पुरेसे नाही.

दरम्यान, १९८४ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ‘निरोगी कान’ प्रमाणबद्ध केला. कर्णरोग, कानातील मळ, गोंगाटाचा अतिरेक, कानास घातक औषधे आणि आनुवंशिक बहिरेपणा यांपासून मुक्त असा तो कान. त्या मानकाच्या सूत्रानुसार १८ वर्षे वयाच्या मध्यकाशी तुलना करता ६० व्या वर्षी दर सेकंदास ४,००० कंपनांच्या स्वरासाठी पुरुषांत सुमारे २८ डेसिबेल, तर स्त्रियांत सुमारे १६ डेसिबेल घट येते. १,००० कंपनांवर ती दोघांतही सुमारे ७ डेसिबेल आहे. २०१७ च्या आवृत्तीत ही सूत्रे सुधारण्यात आली. अर्थात निरोगी म्हणजे तरुणासारखे ऐकणारा नव्हे, असा त्याचा इत्यर्थ.

या आकड्यांचा व्यवहारातील परिणाम लहान नाही. अमेरिकेच्या १९८३ च्या कामगार-श्रवणसंरक्षण नियमांत वयामुळे आलेली घट वजा करण्यासाठी स्त्री व पुरुष यांची स्वतंत्र कोष्टके आहेत. परंतु मध्यक हा समूहाचा असतो. एखाद्या कामगाराच्या कानाची हानी वयाच्या खाती मांडली, तर यंत्राचा दोष आपोआप झाकला जाण्याचा संभव असतो. भाषाभ्यासकासही ही सावधगिरी आवश्यक आहे. ‘स’सारख्या घर्षक व्यंजनाची ओळख उच्च स्वरांवर विसंबते. वृद्ध निवेदकास स्वर नीट ऐकू येतात, पण व्यंजने निसटतात. ही भाषेतील चूक समजणे म्हणजे कानाचा दोष जिभेच्या माथी मारणे होय.

सारांश, वय व स्त्री-पुरुषभेद यांचा परिणाम खरा आहे. परंतु त्याचे परिमाण ‘निरोगी’ गटातून कोणास वगळले, यावर ठरते. कोणताही आकडा वापरण्यापूर्वी ही निवड तपासणे हेच अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.