ऋणमुक्तीची मुदत

मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी १९०९ चा आणि मुफसलासाठी १९२० चा असे जे नादारीचे कायदे झाले, त्यांच्या मुळाशी, प्रामाणिक परंतु हतबल ऋणकोस आपली सर्व मालमत्ता धनकोंच्या स्वाधीन करून पुनश्च निष्कर्ज जीवन आरंभिता यावे, हा उदात्त हेतू होता. मात्र १९२० च्या कायद्याप्रमाणे नादार ठरविणाऱ्या हुकुमातच ऋणमुक्तीच्या अर्जाची मुदत नेमलेली असे; ती टळली, तर त्रेचाळिसाव्या कलमान्वये तो हुकूमच रद्द होण्याची पाळी येई, आणि वकीलपत्र देऊन निर्धास्त झालेला अशील, वकिलाच्या हयगयीपायी, सावकारांच्या तगाद्यापुढे पुन्हा उघडा पडे.

सबळ कारण दाखविल्यास मुदत वाढविण्याचा अधिकार न्यायालयास होता, हाच काय तो आधार. वकिलाच्या गैरहजेरीमुळे निकालात निघालेले एक दिवाणी अपील १९८१ मध्ये पुनरुज्जीवित करताना, निर्दोष पक्षकारास वकिलाच्या कसुरीची शिक्षा होऊ नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने रफीक विरुद्ध मुन्शीलाल या निवाड्यात प्रतिपादिले. न्यायाची प्रतिष्ठा अशाच विवेकावर उभी असते. कारण मुदत व्यवहाराच्या शिस्तीसाठी असते, विश्वासाने वकिलावर विसंबलेल्या माणसाच्या सर्वनाशासाठी नव्हे.