मला कशाला?

वडिलांना काहीतरी भेट द्यायची असं ठरवलं की पहिली अडचण दुकानात येत नाही, घरातच येते. तुम्ही विचारता, "बाबा, तुम्हाला काय आणू?" आणि उत्तर ठरलेलं असतं, "मला कशाला? आहे की सगळं!" पुढे बोलणं खुंटतं. मग आपण शर्टाचं कापड, पाकीट, पेन यांच्याभोवती घुटमळत राहतो. घेतलेली वस्तू बाबा कौतुकाने बघतात, किंमत विचारतात, "उगाच खर्च केलास" म्हणतात आणि ती कपाटात जाऊन बसते. तुमच्याकडेही असंच होत असेल.

हल्ली जून महिना आला की दुकानं 'फादर्स डे'च्या पाट्यांनी भरून जातात. गंमत म्हणजे या दिवसाची सुरुवात वस्तूंपासून झालीच नव्हती. अमेरिकेतल्या स्पोकेन गावच्या सोनोरा स्मार्ट डॉड या बाईंची आई बाळंतपणात वारली आणि वडिलांनी सहा मुलांना एकट्याने वाढवलं. १९०९ मध्ये चर्चमध्ये मातृदिनाचं प्रवचन ऐकताना त्यांना वाटलं, मग वडिलांचा दिवस का नको? १९ जून १९१० ला स्पोकेनमध्ये तो साजरा झाला. वडील हयात असतील त्यांनी तांबडा गुलाब लावायचा, नसतील त्यांनी पांढरा. बस, एवढंच. नेकटाय आणि बाकीची खरेदी नंतर आली. कायद्याने हा दिवस मान्य व्हायला १९७२ साल उजाडलं. त्या बाईंना आपल्या वडिलांनी नेमकं काय केलं हे ठाऊक होतं, म्हणून तो दिवस सुचला.

आपल्याकडे असा दिवस नव्हता, पण एक रीत होती. पहिल्या नोकरीच्या पैशातून वडिलांना काहीतरी आणायचं. धोतरजोडी, छत्री, चष्मा आणि जरा जास्त ऐपत असेल तर मनगटी घड्याळ.

या घड्याळाचाही एक इतिहास आहे. स्वातंत्र्याच्या आधीपासून मुंबईच्या पेढ्यांमधून स्विस घड्याळं विकली जात. पण ती सामान्य माणसाच्या आवाक्यात कुठली? नंतर आयातीवर निर्बंध आले आणि चोरट्या मालाला ऊत आला. १९५३ साली यंत्रं बनवण्यासाठी सुरू झालेल्या 'हिंदुस्थान मशीन टूल्स' या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटीझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली. पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. हीच आपली एचएमटी! 'जनता', 'पायलट', 'जवान', 'सोना' ही नावं आठवतात ना? त्यातलं 'जनता' हे रोज किल्ली द्यावी लागणारं साधं घड्याळ. त्याच्या काही तबकड्यांवर आकडे चक्क देवनागरीत असत.

आमच्या घरात त्यातलंच एक आहे. बाबांना नोकरी लागल्यावर, १९७४ मध्ये, त्यांनी ते घेतलं ते स्वतःसाठी नाही, तर आजोबांसाठी. आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शेती करायचे. घड्याळ हातात ठेवल्यावर ते म्हणाले, "मला कशाला? माझं घड्याळ डोक्यावर आहे की!" डोक्यावर म्हणजे सूर्य. तरीही ते घड्याळ शेवटपर्यंत वापरलं त्यांनी. मनगटावर नाही हं, बंडीच्या खिशात. १९९१ मध्ये आजोबा गेले आणि घड्याळ बाबांकडे परत आलं. तेव्हापासून रोज अंघोळ झाली की बाबा त्याला किल्ली देतात.

दरम्यान जग बदललं. १९८४ मध्ये टायटन आली, सेलवरची क्वार्ट्झ घड्याळं घरोघर पोचली, किल्ली देण्याची सवयच मोडली. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

२०२४ मध्ये बाबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. भेट काय द्यायची यावर आम्हा भावंडांत खल झाला. दादाचं म्हणणं, हृदयाचे ठोके मोजणारं नवं घड्याळ घेऊ. ताई म्हणाली, आधी जुनं मागे पडतंय त्याचं बघा. शेवटी ताईचं ऐकलं. एका जुन्या कारागिराकडे ते उघडून साफ करून घ्यायचं, तेल द्यायचं आणि नवा पट्टा लावायचा असं ठरलं. बाबांकडे घड्याळ मागितलं तर ते चाचरले. "किती दिवस लागतील? तबकडी बदलू देऊ नका हं."

तबकडीच का, असं ताईने विचारलं, तेव्हा पन्नास वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट बाबांनी सांगितली. आजोबा गावच्या शाळेत जेमतेम दोन यत्ता शिकलेले. इंग्रजी आकडे त्यांना वाचता येत नसत आणि एस.टी. स्टँडवरच्या घड्याळात किती वाजले हे दुसऱ्याला विचारायचा त्यांना संकोच वाटे. म्हणून बाबांनी दुकानदाराच्या मागे लागून, तीन महिने थांबून देवनागरी आकड्यांचं घड्याळ मिळवलं होतं. "पुढे स्टँडवर लोक त्यांनाच वेळ विचारायचे," बाबा म्हणाले. आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

मला वाटतं, "मला कशाला?" हा नकार नसतो. मागायची सवयच नसलेल्या माणसाचं ते उत्तर असतं. त्याला काय हवंय ते त्याच्या तोंडून कळणार नाही, आपणच ते पाहून ठेवायला हवं. बाबांनी आजोबांचा संकोच पाहून ठेवला होता. आपण आपल्या वडिलांचं काय पाहून ठेवलंय? दुकानात शिरण्याआधी एवढा विचार केला, तरी निम्मी खरेदी झाली म्हणायची.