चंद्रसेनाचे स्वगत

2018 साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी मराठीत ‘हॅम्लेट’ उभे केले. भाषांतर नाना जोगांचे, हॅम्लेट सुमीत राघवन. पण या राजपुत्राशी मराठीची ओळख त्याआधी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती झाली तुरुंगात.

कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, 1882 मध्ये लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. तिथे आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणायला घेतले. 1883 मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने छापून आले आणि हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी तालमी घेतल्या आणि गणपतराव जोशींच्या चंद्रसेनाने महाराष्ट्र गाजवला. पदांवर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांपुढे ही गद्य नाटकांची कंपनी होती. चंद्रसेनाच्या मनातली घालमेल निव्वळ बोलून पोचवायची होती.

त्या बोलण्याचे मोल नाटकाच्या रचनेत आहे. हॅम्लेटच्या वडिलांचा, म्हणजे राजाचा, खून कानात विष ओतून होतो. त्यांचे भूत सांगते की, साऱ्या देशाच्याही कानात खोटी हकीकत घातली गेली आहे. दरबारी पोलोनियस पडद्याआड कान लावून बसतो आणि तिथेच मरतो. या दरबारात ऐकणे धोक्याचे आहे.

स्वगत मात्र खरे बोलते, आणि ते प्रेक्षकाच्या कानी पडते.

तिसऱ्या अंकातला प्रार्थनेचा प्रसंग पाहा. हॅम्लेटचा काका आणि आताचा राजा क्लॉडियस एकटा असताना खुनाची कबुली देतो, पण पापाने मिळालेले राज्य आणि राणी सोडायची त्याची तयारी नाही. तो गुडघे टेकतो. मागून हॅम्लेट तलवार उपसून येतो, मात्र प्रार्थनेत मेलेला स्वर्गात जाईल म्हणून हात आवरतो. तो निघून जाताच क्लॉडियस म्हणतो की, प्रार्थना साधलीच नाही. दोघांची मने फक्त प्रेक्षकाला कळतात. स्वगत काढून टाकले तर या प्रसंगात उरतो एक गुडघे टेकलेला राजा आणि एक माघारी गेलेला पुतण्या.

चौथ्या अंकापर्यंत हॅम्लेट असा स्वतःशी झगडतो. समुद्रावरून परतल्यावर, पाचव्या अंकात, त्याला एकही स्वगत नाही. मनातले तो आता मित्र होरेशियोशी बोलतो, आणि मरताना आपली खरी हकीकत लोकांना सांगायचे कामही त्याच्यावरच सोपवतो.