पुण्याजवळच्या कारागिरानें घडविलेलें नाक

नाक आणि अब्रू हीं आपल्या भाषेंत जवळजवळ एकच आहेत. 'नाक कापलें गेलें' असें आपण सहज बोलून जातों. परंतु हे शब्द ज्याच्या बाबतींत अक्षरशः खरे ठरले, अशा एका माणसाची हकीकत आज सांगावयाची आहे.

इंग्रजी वृत्तांतांत त्याचें नांव कावसजी असें दिलें आहे. नांव पारशी वळणाचें. पण तो मराठा शेतकरी होता, असें तेथेंच स्पष्ट म्हटलें आहे. १७९२ सालीं टिपूशीं झालेल्या युद्धांत तो इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकीत होता. तो टिपूच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. असा सुमारें एक वर्ष काढल्यावर त्याला पुण्याजवळ नवें नाक मिळालें. तें बसविणारा मनुष्य वैद्य नव्हता. तो विटा पाडणाऱ्या जातीचा होता.

अशी शस्त्रक्रिया होतांना टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यांतील दोन डॉक्टरांनीं पाहिली होती. प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन त्याचें नाक घडवावयाचें. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याभोंवतीं रेघ काढावयाची. तेवढी कातडी सोडवावयाची, मात्र दोन डोळ्यांच्या मध्यें एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवावयाची. सारें मर्म या पट्टींत आहे, कारण नव्या नाकाला रक्त तिच्यांतूनच पोंचतें. नंतर ती कातडी पिळा देऊन खालीं आणावयाची, जुन्या नाकाची कड ताजी करून तिच्यांत बसवावयाची, आणि वर भिजविलेल्या काताच्या पट्ट्या लावावयाच्या. चार दिवसांनीं तुपांत बुडविलेल्या चिंध्या. दहाव्या दिवशीं श्वासाची वाट बुजूं नये म्हणून नाकपुड्यांत मऊ कापड. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापून टाकावयाची. भूल देण्याचें औषध तेव्हां नव्हतें, हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

जेम्स वेल्स या चित्रकारानें १७९४ च्या जानेवारींत कावसजीचें चित्र काढलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें ही हकीकत प्रसिद्ध झाली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें प्रेतांवर अभ्यास केला, १८१४ सालीं लंडनमध्यें तीच क्रिया यशस्वी केली, आणि १८१६ मध्यें तिजवर ग्रंथ लिहिला. पाश्चात्य वैद्यकांत तिला 'भारतीय पद्धत' हेंच नांव पडलें.

सुश्रुतसंहितेंत गालाची कातडी घेण्याची रीत आहे. पुण्याच्या कारागिरानें कपाळाची घेतली. ग्रंथांतील विद्या हातांत कशी उतरली व हातानें ती कशी पालटली, याचा लेख कोणीं ठेविला नाहीं. रुग्णाचें नांव राहिलें, पाहणाऱ्यांचीं राहिलीं, चित्रकाराचें राहिलें. ज्यानें नाक घडविलें त्याचें मात्र कोणीं लिहून ठेविलें नाहीं. हा दोष केवळ परकीयांचा नव्हे. हातानें काम करणाऱ्याजवळ विद्या असूं शकते, हें आपल्या शिकलेल्या वर्गालाही कोठें सुचलें होतें?

आज टिपूची कट्यार नाहीं. परंतु कर्करोग आहे. तो समूळ काढतांना पुष्कळदां नाकाचा भागही काढावा लागतो. मग शस्त्रवैद्य कपाळाकडेच वळतो आणि जोडपट्टी बहुधा तीन आठवड्यांनींच कापतो. भर पडली आहे ती आंतील बाजूची. बाहेरून सुरेख दिसणारें नाक आंतून आकुंचित झालें, तर श्वास कोंडतो. म्हणून आंतलें अस्तर व कानाच्या किंवा बरगडीच्या कूर्चेचा आधारही द्यावा लागतो. किरणोपचारानें अस्तर कोरडें पडलें व सायनसच्या वाटा तुंबल्या, तर दाह वर्षानुवर्षें टिकतो आणि त्या वाटा कधीं शस्त्रानें मोकळ्या कराव्या लागतात. नाकपुड्या उघड्या राखण्याची ती काळजी दहाव्या दिवशीं कापड घालणाऱ्या त्या अनामिकालाही होती.

आजाराहून बरा झालेला मनुष्य पुन्हां चारचौघांत तोंड दाखवूं शकला पाहिजे, हें त्याला कळलें होतें. त्याचें नांव आपणांस देतां येत नाहीं. निदान त्याचें ऋण तरी आपण नाकारूं नये.