तुळईवरची गाठ

इतिहासाने मेणे-पालख्यांची दखल घेतली. आईच्या झोळीकडे मात्र त्याचे लक्ष गेले नाही. महाडाहून पोलादपूरमार्गे पारघाट चढू जाणारी लेकुरवाळी मुक्कामाला टेकली, की आधी वर पाही. तुळई भक्कम आहे ना? मग जुनेराची टोके तुळईवरून घेऊन गाठ मारी, स्वतः ओढून पाही आणि नंतरच लेकरू आत ठेवी. खाली जमिनीला ओल, विंचू-किरडाचे भय; झोळीत ऊब. १४९२ साली कोलंबसाला बहामा बेटांत सुताच्या झोळ्या आढळल्या. पुढे युरोपच्या जहाजांवर खलाशी तशाच झोळ्यांत निजू लागले. त्या झोळीला इतिहासात जागा मिळाली. आमच्या माउलीची झोळी पहाटे सुटे आणि त्याच जुनेरात लेकरू पाठीशी बांधून ती घाटाला लागे. मागे काय उरणार?