आभाळातली गस्त

वेल्ह्यात उभे राहून मान वर केली की तोरणा दिसतो. त्याच्या पूर्वेस राजगड. या दोन गडांच्या सावलीत आपल्या इतिहासाचा पहिला अध्याय लिहिला गेला. गड राखायचा तर पहारा हवाच. आणि पहारेकऱ्याची किंमत त्याच्या नजरेत जितकी, तितकीच त्याच्या नेमात. ठरल्या वेळी, ठरल्या वाटेने जो फिरतो, त्यालाच काल नव्हते असे आज काय आले ते कळते.

आज याच डोंगरांवरून आणखी काही पहारेकरी गस्त घालतात. ते आभाळातून जातात, म्हणून आपण त्यांची दखल घेत नाही, इतकेच.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुत्निक पृथ्वीभोवती फिरू लागला आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला : आभाळात सोडलेली वस्तू या क्षणी कोठे आहे, हे जमिनीवरून ओळखायचे कसे? १९५८ पासून आपल्या नैनीतालच्या वेधशाळेतून एक प्रचंड कॅमेरा या कामी लागला. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उपग्रहाचे छायाचित्र घ्यायचे आणि तारे स्थिर धरून त्याचे ठिकाण काढायचे, अशी ती रीत. पुढे रेडिओलहरींनी हे काम हाती घेतले. आगगाडी जवळ येताना शिट्टी चढी वाटते आणि दूर जाताना उतरते, तसाच उपग्रहाच्या संदेशाचा सूर बदलतो. त्या बदलावरून त्याचा वेग आणि संदेश परत यायला लागलेल्या वेळावरून त्याचे अंतर मोजता येते. भारतात ही जबाबदारी बंगळूरच्या इस्ट्रॅक या केंद्राकडे आहे.

पण वेळापत्रकाशिवाय गस्त कसली? १७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए हा उपग्रह बैकानूरहून सुटला. ९०४ किलोमीटर उंचीवरून तो फिरे आणि २२ दिवसांनी पुन्हा त्याच वाटेवर येई. विशेष हे की, येई तेव्हा खाली सकाळी साडेदहाचाच सुमार असे. एकदा सकाळचे आणि एकदा दुपारचे चित्र घेतले, तर डोंगरांच्या सावल्या बदलतात आणि तुलना फसते. भोरजवळच्या भाटघर धरणाचेच पाहा. पाणी ओसरले की जलाशयात बुडालेले कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात पुन्हा उघडे पडते. पाणी किती मागे हटले हे वरून मोजायचे, तर सूर्याचा कल दर वेळी जवळपास तोच हवा.

हे कसे साधते, त्यातही एक गंमत आहे. आपली पृथ्वी नेमकी चेंडूसारखी गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ध्रुवांपेक्षा सुमारे २१ किलोमीटरांनी जास्त भरते. हा फुगवटा ध्रुवांवरून जाणाऱ्या उपग्रहाची कक्षा हळूहळू वळवतो. कक्षेचा कल योग्य ठेवला, तर हे वळणे रोज सुमारे एक अंश भरते. म्हणजे वर्षात एक पूर्ण फेरा. पृथ्वीही वर्षभरात सूर्याभोवती तेवढीच वळते. दोघींचा मेळ बसला की उपग्रहाचे घड्याळ चुकत नाही. या फुगवट्याचा हिशेब पक्का करण्यासाठी १८०२ साली मद्रासेहून विल्यम लॅम्बटनने जमीन मोजायला घेतली. मोजत मोजत तो उत्तरेस आला आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटास त्याने देह ठेवला. त्याची समाधी तेथेच आहे.

सगळे जमले, पण सह्याद्रीत एक अडचण उरतेच. आषाढ-श्रावणात ढग डोंगरावर बसतात आणि साध्या कॅमेऱ्याचा डोळा मिटतो. नेमक्या त्याच दिवसांत दरडी कोसळतात. भोरहून वरंध घाटाने महाडास जाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

३० जुलै २०१४ रोजी पहाटे आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर आला. १५१ माणसे गेली. ही गोष्ट प्रथम कोणाच्या ध्यानात आली? फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाच्या. नेहमीचे गाव जागेवर दिसेना, म्हणून त्याने खबर दिली. त्याच्यापाशी यंत्र नव्हते, नेम होता.

ढगांपलीकडून पाहणारा रडारचा डोळा भारताने २०१२ साली रिसॅट-१ या उपग्रहात बसवला होता. परंतु एका चित्रावरून डोंगर आहे एवढेच कळते; तो सरकतो आहे हे कळत नाही. त्यासाठी त्याच वाटेवरून नेमाने घेतलेली दोन चित्रे लागतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार निघाला, तो या कामासाठीही. माळीणला त्या दिवशी ११ वर्षे पुरी झाली. तारखांचा योग कोणी जुळवलेला नव्हता. पण पुणे जिल्ह्याच्या माणसाला तो विसरता येणे कठीण आहे.

इस्रो आणि नासा यांनी मिळून घडवलेला निसार सुमारे ७४७ किलोमीटर उंचीवरून शंभर मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालतो आणि दर १२ दिवसांनी त्याच वाटेवर येतो. त्याची वेळ पहाटे आणि सायंकाळी सहाच्या सुमाराची. त्याच्या सुमारे २४ सेंटीमीटर लांबीच्या लहरी झाडोऱ्यातूनही बऱ्याच अंशी पार होतात, आणि दोन फेऱ्यांतल्या लहरी पडताळल्या की जमीन काही सेंटीमीटर हलली तरी समजते. म्हणूनच त्याची वाट काटेकोर राखावी लागते. त्या उंचीवरही विरळ हवा त्याला अडवते, सूर्य-चंद्र ओढतात. मग जमिनीवरून माग काढून त्याला पुन्हा वाटेवर आणायचे.

तरी एक ध्यानात ठेवावे. एका रात्रीच्या मुसळधार पावसाने सुटणारी दरड बारा दिवसांच्या फेरीसाठी थांबत नाही. हळूहळू सरकणारा उतार निसार दाखवू शकेल. पण ती खूण वाचून डोंगरउताराच्या वाडीला वेळीच हलवणे हे माणसाचेच काम. गावाच्या वर जमिनीला भेग पडली, झरा एकाएकी गढूळ झाला, तर ते पाहणारा पहिला डोळा गुराख्याचाच असणार. त्याचा शब्द कचेरीपर्यंत पोचला पाहिजे आणि कचेरीने तो ऐकला पाहिजे.

दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी मुले पहाटे उठतीलच. त्यांना जरा अंगणात उभे करा. न लुकलुकता, संथपणे सरकणारा एखादा तारा दिसला तर तो उपग्रह समजावा. तो कोणता, हे ओळखता आले नाही तरी चालेल. आभाळात कोणीतरी नेमाने फिरते आहे आणि त्याची वेळ सांभाळणारी माणसे जमिनीवर जागी आहेत, एवढे मुलांना कळले तरी पुष्कळ झाले.